दोरीच्या मापाचा आवाज

मागच्या दिवाळीत पुतण्या मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. मळ्यात त्यानं नवीन घर बांधलंय. म्हणाला, "आप्पा, हॉलमध्ये ठेवायला छोटासा, पण दिसायला भारी असा म्युझिक सिस्टिम घ्यायचाय. यातला कोणता घेऊ?" आणि बोटानं एकेक चित्र सरकवू लागला. काळे, चंदेरी, लाकडी कडांचे. कुणी डब्याएवढा, कुणी नळकांड्यासारखा. प्रत्येकाखाली वॉटचे मोठमोठे आकडे.

मी चष्मा लावला, चारदोन चित्रं पाहिली आणि विचारलं, "ठेवणार कुठं? त्या जागेचं माप घेतलंय का?"

तो हसला. हा प्रश्न माझा नव्हता, त्याच्या आजोबांचा होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी दादांनी तो नाशकातल्या एका दुकानात खिशातून दोरी काढून विचारला होता. त्या दोरीची गोष्ट पोरांना माहीत नाही. आमच्यासारख्या घरात आवाजाचं यंत्र कसं आलं आणि ते निवडताना काय काय पणाला लागलं, हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं, कादवेच्या अंगाचं. आता चहूकडं द्राक्षबागा दिसतात, पण माझ्या लहानपणी बाजरी, गहू, हरभरा, भुईमूग आणि विहिरीला पाणी असेल त्याचा थोडा ऊस एवढंच होतं. गावात आवाज म्हणजे मोटेचा, जात्याचा, देवळातल्या टाळांचा. यंत्रातून येणारा पहिला आवाज आला तो ग्रामपंचायतीच्या रेडिओचा. माझे आजोबा सांगायचे, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की पंचायतीच्या ओट्यावर माणसं गोळा व्हायची. रेडिओ कपाटात कुलूपबंद. किल्ली शिपायाकडं.

हे एकट्या आमच्या गावाचं नव्हतं. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावोगाव श्रोत्यांची मंडळं करायची, त्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. पाच जिल्हे निवडले होते, त्यांत आपला नाशिकही होता. म्हणजे रेडिओ आपल्या भागात आला तो एकट्यानं ऐकायला नव्हे, बसून ऐकायला आणि ऐकून बोलायला आला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

घरात रेडिओ घ्यायचा तर सरकारचा परवाना लागे. वर्षाला पंधरा रुपये, पोस्टात भरायचे, आणि पुस्तकावर तिकीट लावून घ्यायचं. तपासनीस कधीही येऊन पुस्तक मागू शकत असे. 1980च्या दशकात ही परवाना पद्धत बंद झाली. आज मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

आमच्या आळीत पहिला रेडिओ शेजारच्या काकांनी घेतला. मर्फी, बुश, फिलिप्स ही तेव्हाची नावं. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, आणि त्यांच्या जाहिरातीतलं बाळ कॅलेंडरवरून घरोघरी गेलं होतं. जुन्या रेडिओला व्हॉल्व्ह असायचे. कान पिळला तरी लगेच बोलत नसे. आधी आत लालसर उजेड यायचा, यंत्र तापायचं, मग लांबून चालत आल्यासारखा आवाज जवळ यायचा. ट्रान्झिस्टर आला आणि हे तापणं संपलं. सेलवर चालणारा, कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर बैलगाडीत गेला, खळ्यावर गेला, बांधावर गेला. दारं धरायला रात्री शेतात जाणाऱ्या माणसाला पहिल्यांदा सोबत मिळाली.

बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला असे. 1952 साली सुरू झालेला तो कार्यक्रम अमीन सायानींच्या आवाजात ऐकायला थोरली पोरं काकांच्या ओट्यावर जमत. आवाज वारा आल्यासारखा वर-खाली व्हायचा. आमच्या आज्जीला त्यातलं हिंदी कळत नसे, पण ती म्हणायची, "कसा गोड बोलू राह्यलाय, जसा घरचाच पाहुणा."

गाणी रेडिओच्या मर्जीनं ऐकायची. आपल्या मर्जीनं गाणं लावायचं तर तबकडी हवी, आणि तबकडी आमच्याकडं फक्त लग्नात ऐकू यायची. तालुक्याहून लाउडस्पीकरवाला सायकलवर, नाहीतर बैलगाडीत सगळं सामान घालून यायचा. भोंगा लिंबाच्या झाडावर बांधला की लग्नघर कुठलं, हे तीन गावांना कळायचं. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपे. मग तो माणूस सुई बदलायचा, तबकडी पुसायचा, उलटायचा. आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. त्या भोंग्यातून शब्द नीट कळत नसत. पण शब्द कळावेत म्हणून भोंगा लावलाच नव्हता. आमच्या घरी मंगल आहे, हे सांगायला लावला होता.

पुढं कॅसेट आली आणि तबकडीवाल्याचं राज्य गेलं. फिलिप्स कंपनीनं 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही चपटी डबी पहिल्यांदा दाखवली. आत चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालीनं सरकणारी. त्यांनी ती काढली होती बोलणं टिपून घ्यायला. गाण्यासाठी ती साऱ्या जगात वापरली जाईल, असं सुरुवातीला कुणाच्या मनात नव्हतं.

आमच्याकडं टेप पहिल्यांदा पाहिला तो ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या पाहुण्यांकडं. दर महिन्याला पगार येणारी ती माणसं. त्यांच्या क्वार्टरमध्ये रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन होता, वर क्रोशाचा रुमाल. पाहुण्यांनी आज्जीला बोलतं केलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. आज्जीनं पदर तोंडाला लावला. "ही मी नाही," म्हणाली.

1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. वीस-पंचवीस रुपयांत दहा-बारा गाणी मिळू लागली. एसटी स्टँडवर, वणीच्या यात्रेत, दिंडोरीच्या आठवडे बाजारात कॅसेटच्या फळ्या लागल्या. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी, सप्तशृंगीची गाणी, लोकगीतं, तमाशे, कीर्तनं. ज्या आवाजांना रेडिओवर फारशी जागा नव्हती, ते कॅसेटनं घरात आणले. शिवाय कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की भरून देणारी दुकानं होती. माझ्याकडं अशा सातआठ कॅसेट होत्या. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, आवाज घोगरा झाला की कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसायचं. ही कामं मला नांगर धरण्याआधी यायला लागली.

तेवढ्यात गावात द्राक्षं आली. पहिल्यांदा दोनचार घरांनी धाडस केलं, मग बघून बघून सगळ्यांनी. लोखंडी अँगल, तारा, औषधं, ठिबक यांत पैसा गाडला जायचा, आणि एखादं वर्ष साधलं की पूर्वी कधी न पाहिलेली रक्कम एकदम हातात यायची. बाजरी करणाऱ्या माणसाच्या हाती एकरकमी पैसा कधी आलाच नव्हता. त्या पैशानं कौलं जाऊन स्लॅब आला, सायकल जाऊन मोटारसायकल आली, आणि ओट्यावरच्या खोलीत डेक आला.

डेक म्हणजे आमच्याकडं कोणताही मोठा टेप. कॉस्मिक, सोनोडाइन ही नावं शहरातले हौशी लोक घेत. खेड्यात बहुतेकांकडं असेंबल केलेला असायचा: कुणा मेकॅनिकनं जोडलेला ॲम्प्लिफायर आणि सुताराकडून करून घेतलेली दोन भलीमोठी खोकी. ही खोकी दारात ठेवून वाजवायची. वाजवणारा आत, ऐकणारा सगळा गाव. आमच्या आळीत त्या काळात सात डेक होते आणि सातही एकदम वाजत.

1997च्या मोसमात आमची दोन एकर बाग अशी साधली की दादा स्वतःच घडांना हात लावून बघत राहायचे. एका व्यापाऱ्यानं बागेत येऊन तेरा रुपये किलोनं सौदा केला. इसार म्हणून पंचवीस हजार रोख दिले. बाकीचा हिशेब माल गेल्यावर चेकनं. तेव्हा सगळे असेच व्यवहार करत. पहिली गाडी भरली त्या रात्री मी धीर करून म्हणालो, "दादा, पाडव्याला एक स्टिरिओ घेऊ या का?"

मी तेव्हा नाशकात कॉलेज संपवून शेतात आलेलो. माझ्या मनात भलामोठा, दिव्यांचा संच होता. दादा काही बोलले नाहीत. सकाळी पाहिलं तर ते मधल्या खोलीतल्या देवळीपुढं उभे. आमचं घर जुनं, भिंती दोन हात रुंद, त्यात पूर्वी कंदील ठेवायची रुंद देवळी होती. दादांनी सुतळी घेतली, देवळीची रुंदी मोजून गाठ मारली, उंची मोजून दुसरी गाठ मारली, खोली मोजून तिसरी. सुतळी गुंडाळून बंडीच्या खिशात घातली. "यात बसंल तो घ्यायचा," म्हणाले. "ओट्यावर ठेवायचा नाय."

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं नाशकात उतरलो. दुकान मोठं, काचेचं. 1991 नंतर परदेशी कंपन्यांचा माल सहज मिळू लागला होता, त्यामुळं एका भिंतीला नुसते संचच संच. दुकानदारानं तीन तऱ्हा सांगितल्या. एक, सुटे भाग: ॲम्प्लिफायर वेगळा, टेप वेगळा, स्पीकर वेगळे. दुसरी, मिनी: सगळं एकात, दोन बाजूंना स्पीकर, तीन सीडी एकदम बसणार, समोर लाल-निळे दिवे आवाजाबरोबर नाचणार. तिसरी त्याहून लहान, मायक्रो: एक सीडी, एक कॅसेट, एक रेडिओ, वीतभर रुंदीचं चंदेरी मधलं अंग आणि दोन छोटे लाकडी स्पीकर. दिवे जवळजवळ नाहीतच.

माझी नजर मिनीवर. त्याच्यावर सोनेरी पट्टी होती: 1200 वॉट पीएमपीओ. दुकानदारानं तो लावला. आवाज छातीत घुसला. मी दादांकडं पाहिलं.

दादा संचाच्या मागं गेले होते. मागच्या पत्र्यावरची बारीक अक्षरं त्यांनी मला वाचायला लावली. त्यावर लिहिलं होतं की हा संच वीज घेतो ऐंशी वॉट. दादा दुकानदाराला म्हणाले, "ऐंशी खाऊन बाराशे कसा देतो हो?" दुकानदार हसला, पण त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर मला पुढं कळलं. पीएमपीओ म्हणजे क्षणाच्या बारीकशा अंशात यंत्रानं मारलेल्या उसळीचा आकडा, आणि तो काढायचा एकच ठरलेला नियमही नाही. ज्यानं त्यानं हवा तसा फुगवावा. खरा आकडा आरएमएस: यंत्र सलग किती ताकद देऊ शकतं तो. त्या बाराशेवाल्याचा आरएमएस एका बाजूला वीस-पंचवीस वॉटच्या पुढं गेला नसता. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण त्यांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी घेतल्या होत्या. पाटीवर पाच एचपी आणि आत तीनची वाइंडिंग, हा प्रकार त्यांना चांगला ठाऊक होता.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती आजही माझ्या कानात आहे. "आता हळू करा," म्हणाले. "आणखी हळू. घरात म्हातारी झोपलीय असं समजा." दुकानदारानं आवाज उतरवला. "मोठ्यानं काय, लग्नातला भोंगा बी वाजतो," दादा म्हणाले. "हळू आवाजात शब्द कळतो का ते बघू."

मिनीचा आवाज उतरवला तसं त्यातलं गाणं विरून गेलं. नुसती एक धमधम राहिली. दादांनी खिशातून आपली कॅसेट काढली, घरून आणलेली, भजनाची, जुनी झालेली. ती त्यांनी त्या लहानग्या चंदेरी संचात लावायला सांगितली. आवाज इतका कमी की दुकानातल्या पंख्याची घरघर त्याहून मोठी होती. तरी टाळ डाव्या हाताला, पेटी उजव्या हाताला आणि मधे गाणाऱ्या माणसाचा शब्द न् शब्द.

यालाच स्टिरिओ म्हणायचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घट्ट, भरीव. माणसाला दोन कान आहेत, म्हणून आवाज कुठून येतो हे त्याला कळतं. तसे दोन वेगळे आवाज दोन बाजूंनी दिले तर समोर भरीव चित्र उभं राहतं. ॲलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1931 साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला मात्र 1958 उजाडलं. आमच्या आळीतल्या सातही डेकांना दोन दोन खोकी होती, पण दोन्ही एकावर एक रचून दारात ठेवलेली. म्हणजे स्टिरिओचे पैसे देऊन सगळे एकच भोंगा ऐकत होते.

हळू आवाजाच्या परीक्षेमागंही शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी 1933 साली दाखवलं की आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्जातलं आणि अगदी बारीक टिपेचं कमी ऐकू येतं. मधल्या पट्टीतलं त्या मानानं टिकतं. माणसाचं बोलणं असतं ते याच मधल्या पट्टीत. ज्या संचाची सगळी मदार धमधमीवर, तो हळू केला की रिकामा होतो. ज्याची मधली पट्टी स्वच्छ, तो कुजबुजला तरी कळतो.

दादांनी सुतळी काढली. रुंदी, उंची, खोली. तिन्ही गाठींत संच बसला आणि मागं वारा खेळायला चार बोटं जागा उरली. "व्होल्टेज कमीजास्त झालं तर?" त्यांनी विचारलं. "बिघडला तर दिंडोरीत दुरुस्त व्हतो का?" स्टॅबिलायझर धरून साडेनऊ हजार झाले. परतीच्या एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी गप्प होतो. मला वाटत होतं, आपण गरिबाघरचा संच घेतला.

पाडव्याला गुढीखाली त्याची पूजा झाली. आळीतली माणसं बघायला आली. एक जण म्हणाला, "एवढासाच?" मी मान खाली घातली.

पुढच्या तीन गाड्या गेल्या. बाग रिकामी झाली, खरड छाटणीही उरकली. व्यापाऱ्यानं दिलेला चेक महिन्यानंतरच्या तारखेचा होता. तारीख आली, चेक बँकेत टाकला, परत आला. दादा आणि मी त्याच्या गाळ्यावर गेलो, तर कुलूप. आमच्यासारखेच पंधरावीस शेतकरी तिथं उभे. कुणी शिव्या देत होतं, कुणी नुसतं कुलपाकडं बघत होतं. बागेत बसून, तोंडी बोलीवर केलेला सौदा. हातात कागद म्हणून तो एक चेक. ते पैसे आम्हाला कधीच मिळाले नाहीत.

द्राक्षाचं एक वर्ष बुडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, मजुरांची राहिलेली रोजंदारी, आणि पुढच्या बहराचा खर्च समोर उभा. घरात एकच नवी वस्तू चकाकत होती. आईनं तिच्यावर जुनं लुगडं टाकलं. गावात कुणीतरी बोललंच, "पैसं बुडालं आन् घरात बाजा." ते दादांच्या कानावर आलं.

मी म्हणालो, विकून टाकू. दुकानदार अर्ध्या किमतीत परत घ्यायला तयार होता. दादा म्हणाले, "बघू." तीन महिने लुगडं कुणी उचललं नाही.

श्रावणातली एक रात्र. अकरा वाजून गेले असतील. बाहेर पाऊस. मला जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्यानं. वाटलं, कुणी पाहुणा आलाय की काय. उठून मधल्या खोलीच्या दाराशी गेलो. लुगडं बाजूला केलेलं. दादा जमिनीवर, देवळीखाली भिंतीला पाठ लावून बसलेले. त्यांची तीच भजनाची कॅसेट, तिच्या मुळात जेवढा आवाज असेल त्याहूनही हळू. ओट्यावर झोपलेल्या माणसाला ऐकू गेलं नसतं, आळीला तर नाहीच. आणि मला दारातून शब्द न् शब्द कळत होता. दादांनी माझ्याकडं पाहिलं. हातानं बस म्हणून खुणावलं. एक बाजू संपली तेव्हा ते उठून कॅसेट उलटून आले. आम्ही काहीही बोललो नाही.

सकाळी ते सोसायटीत जाऊन कर्जाचं नवंजुनं करून आले. संच विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या वर्षी तो रोज रात्री वाजला, आणि आमच्या घरात गाणं वाजतं हे गावाला वर्षभर कळलं नाही. बाराशे वॉटचा, दिव्यांचा तो मोठा संच घेतला असता तर लाजेनं तो पहिल्या आठवड्यातच विकावा लागला असता.

पुढची वीस वर्षं भराभर गेली. 1982 साली जगात आलेली सीडी आमच्याकडं उशिरा आली आणि लवकर गेली. औषध फवारणीची पावडर, धूळ आणि दमट हवा तिच्या भिंगाला मानवली नाही. भारनियमनात संच तासन्‌तास मुका असायचा. मग मोबाइल आला, मेमरी कार्ड आलं, आणि हजार गाणी नखाएवढ्या तुकड्यात मावली. गाणं जितकं लहान जागेत मावू लागलं, तितके लग्नातले स्पीकर मोठे होत गेले. आता डीजेच्या गाडीपुढं उभं राहिलं की खिडकीच्या काचा हलतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे. नियम कागदावर आहेत. शब्द कळावा म्हणून नव्हे, मंगल सांगायला भोंगा, हे जुनं कारणही आता राहिलं नाही. घराघरांत मात्र उलटं झालं. प्रत्येकाच्या कानात वेगळं बोंडूक, एका खोलीत चार माणसं आणि चार गाणी.

दादा 2011 साली गेले. त्यांचा तो संच अजून आहे. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. दिंडोरीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं दोनदा बदलून दिला. सीडी वाचत नाही. स्पीकर मात्र पहिल्यासारखे.

हे सगळं मी पुतण्याला त्या संध्याकाळी सांगितलं. मग आम्ही दोघांनी मोबाइलवर पुन्हा शोध घेतला. मी त्याला म्हणालो, मोठा आकडा दिसला की त्यापुढं आरएमएस लिहिलंय का बघ. नसेल तर पुढं चल. मधलं अंग आणि दोन स्पीकर सुटे असतील असा घे, एकाच डब्यात दोन भोकं असलेला नको, म्हणजे दोन स्पीकर पाचसहा फुटांवर ठेवता येतील आणि बसायची जागा दोघांच्या मधोमध येईल. भिंतीला अगदी चिकटवू नको, आवाज घुमतो. चित्र बघून मागवू नको. नाशकात जा, आपल्या पाठ असलेलं एखादं गाणं घेऊन जा आणि दुकानात ऐक. दिसायला छान असावा, त्याला माझी ना नाही. दादांचाही संच त्या भिंतीवर सगळ्यांत देखणा होता, हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्यानं तो दुकानात गेला. तिथून मला व्हिडिओ कॉल केला. मागं धमधम चालली होती आणि विकणारा पोरगा काहीतरी ओरडून सांगत होता. पुतण्या हसत म्हणाला, "आप्पा, ऐका कसा वाजतो!"

मी म्हणालो, "आधी हळू कर."

त्यानं आवाज उतरवला. मग आणखी उतरवला. तो गप्प होऊन ऐकत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "हा नको. दुसरा बघतो." आणि खिशातून त्यानं काहीतरी काढलं. मला वाटलं मोजपट्टी असेल. सुतळी होती, तीन गाठी मारलेली.